ढोलाला गोंगाट समजणारं यंत्र

कानाचं यंत्र पहिल्यांदा लावलं की माणूस हरखून जातो, असा सगळ्यांचा समज असतो. प्रत्यक्षात माणूस आधी चिडतो. वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी शेजारी कुणी पत्रा कापतंय असं त्याला वाटतं. फ्रिज घुरघुरतो, बूट करकरतात, आणि स्वतःचाच आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. आमच्या दुकानात एक जर्मन आजी नवंकोरं यंत्र परत घेऊन आल्या होत्या. आपला नवरा सूप एवढं फुरकून पितो हे त्यांना इतक्या वर्षांच्या संसारानंतर आत्ता कळलं होतं. "तेवढा एक आवाज बंद करता येईल का?" त्यांनी फार गंभीरपणे विचारलं. दुसऱ्या एका आजोबांचं यंत्र त्यांच्या कुत्र्याने चावून खाल्लं. मी हळहळले, तर ते म्हणाले, "आल्झो, चला, निदान आता कुत्रा तरी माझं ऐकेल."

मी जर्मनीत नेकारसुल्मला आले ती लग्न होऊन. आमच्या ह्यांची नोकरी इथल्या मोटारींच्या कारखान्यात. माझ्या पुण्याच्या पदवीला इथे कुणी विचारलं नाही, म्हणून तिशी उलटल्यावर मी कानाच्या यंत्रांचं काम शिकले. या धंद्याला जर्मनमध्ये लांबलचक नाव आहे. गावाकडे कुणी विचारलं तर मी सांगते, कानाला चष्मा बसवते. ह्यांच्या कानांची तपासणी मी दरवर्षी करते आणि ती दरवर्षी उत्तम येते. म्हणजे माझं बोलणं ऐकू न येणं हा त्यांचा आजार नसून स्वभाव आहे. त्यावर यंत्र नाही.

काम सांगायचं तर साधं आहे. माणसाला कुठले आवाज ऐकू येतात आणि कुठले येत नाहीत, त्याचा आधी आलेख काढायचा. जे येत नाहीत तेवढेच यंत्राने वाढवायचे. कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाचे बारीक, टोकदार आवाज आधी जातात. स, श, त, पक्षी, दाराची घंटा. जाड आवाज, ट्रकचा, मेघांचा, शाबूत राहतात. म्हणून अशी माणसं म्हणतात, "मला ऐकू येतं हो, पण लोक स्पष्ट बोलत नाहीत." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते ऐकूनच मी अर्धा आलेख मनात काढते.

हेच वाक्य नाना आमच्या दुकानात बोलले. त्यांना अकोसुआ घेऊन आली होती. ती मूळची घानाची, इथल्या कारखान्यात गाड्यांच्या जुळणीवर काम करणारी, हसली की सगळं दुकान वळून बघेल अशी. सोबतचे उंच, सडसडीत म्हातारे तिचे काका. त्यांच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला 'नाना' म्हणतात. मला गंमतच वाटली, कारण आमच्या गल्लीतही दोन नाना होते आणि दोघेही असेच ताठ बसायचे.

नानांनी कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर आयुष्य काढलं होतं. आलेख माझ्या अंदाजासारखाच निघाला. मी यंत्रं बसवली, पडद्याआडून जर्मन शब्द ऐकवले, त्यांनी जवळजवळ सगळे बरोबर सांगितले. अकोसुआने टाळ्या वाजवल्या. नाना मात्र माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "डांके, टोख्टर." डांके म्हणजे आभार, टोख्टर म्हणजे मुलगी. मुलगी म्हणवून घ्यायचं माझं वय केव्हाच सरलं होतं, पण मला ते आवडलं.

निघताना अकोसुआ म्हणाली, "आमच्याकडे पुष्कळांकडे यंत्रं आहेत. सगळी खणात पडलीत."

आमच्या धंद्याचा खरा शत्रू बहिरेपणा नव्हे, टेबलाचा खण. यंत्र बोचतं, शीळ घालतं, मेणाने बुजतं, आणि दुकानात जाऊन तिथल्या नाजूक जर्मन बाईला कसं सांगायचं म्हणून माणूस ते खणात टाकतो. मी अकोसुआला म्हटलं, शनिवारी मीच येते. मी तेव्हा अर्धवेळच काम करत होते. दुकानाच्या मालकांनी यंत्रं दुरुस्त करायची पेटी न्यायला परवानगी दिली, वर "कॉफी मात्र तिथलीच प्या," असंही म्हणाले.

घानावाल्यांच्या फेराइनचा, म्हणजे मंडळाचा, हॉल गावाबाहेर टायरच्या दुकानाच्या आणि फरशांच्या गुदामाच्या मध्ये आहे. पहिल्या शनिवारी मी गेले, टेबल मांडलं, पेटी उघडली आणि "पहिलं कोण?" असं विचारलं. कुणी हललं नाही. अकोसुआने माझ्या कानात सांगितलं, "आंटी, आधी सगळ्यांशी हात मिळव. उजवीकडून सुरुवात कर. मग बस. मग ते विचारतील, कशाला आलीस. तेव्हा सांग." मी तसं केलं. कशाला आलीस हे सगळ्या हॉलला ठाऊक होतं, तरी एका ज्येष्ठाने ते रीतसर विचारलं आणि मी रीतसर सांगितलं. एवढं झाल्यावर मात्र रांग लागली. कुणाच्या नळीत मेण, कुणाच्या यंत्रात सेल उलटा, एका मावशींचं यंत्र तर गेली कित्येक वर्षं उजव्याचं डाव्या कानात होतं. दुपारी भात आणि शेंगदाण्याचा रस्सा मिळाला. रस्सा आमच्या मराठवाड्यातल्या कुठल्याही घरात खपला असता, तिखट सोडून. तिखट त्यांचं जास्त होतं, हे मी कबूल करते.

मला त्या शनिवारांची चटक लागली. दुकानात लोक मला विचारायचे, मी कुठल्या देशाची. हॉलमध्ये विचारायचे, मी कुणाची.

अशाच एका शनिवारी माझं लक्ष गेलं की नाना कोपऱ्यात बसलेत आणि कानात यंत्रं नाहीत. मी बसवलेली यंत्रं! मी अकोसुआला गाठलं. ती आधी टाळाटाळ करत राहिली, मग तिने सांगितलं.

नाना त्यांच्या लोकांचे ढोलवादक होते. हॉलच्या मागच्या खोलीत चादरीखाली दोन मोठे उभे ढोल आहेत, एक खर्जातला आणि एक चढ्या सुराचा. ते बोलके ढोल. त्यांच्या भाषेत आवाजाच्या चढउताराला अर्थ असतो. ढोल तो चढउतार वाजवतो आणि ऐकणाऱ्याला त्यातून वाक्य कळतं. मेलेल्या माणसाला निरोप द्यायचा तो ढोलावरून, त्याचं आणि त्याच्या पूर्वजांचं नाव घेऊन. त्यात चूक झाली तर तो अपमान, पूर्वी त्याला दंड असायचा. आणि मागच्या मेळाव्यात नाना चुकले होते. लोखंडी घंटेच्या तालावर ढोल चालतो, ती बारीक किणकिण नानांना ऐकूच आली नाही. ते भरकटले, थांबले, काठ्या खाली ठेवल्या. म्हणून तर अकोसुआ त्यांना दुकानात घेऊन आली होती.

"मग आता यंत्राने घंटा ऐकू येत नाही का?" मी विचारलं.

"घंटा येते," अकोसुआ म्हणाली. "आता ढोल मेलाय."

मी पुढे होऊन नानांना विचारलं. ते हसून म्हणाले, "तुझं यंत्र चांगलं आहे, टोख्टर. जर्मन माणूस बोलला की ते उभं राहतं. ढोल वाजला की झोपी जातं. दोन्ही ढोल एकाच तोंडाने बोलतात."

मला लख्खकन उमगलं. ही यंत्रं हुशार असतात. त्यांना माणसाचं बोलणं हवं असतं आणि बाकी सगळं त्यांच्या लेखी गोंगाट. जाड, घुमणारा, सतत येणारा आवाज दिसला की ती तो दाबतात. मोठा आवाज आला की तो चेपून लहान करतात. या गोष्टींची मी वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांपुढे फुशारकी मारत आले. हजारो वाक्यं बोलणारे ते ढोल माझ्या यंत्राच्या दृष्टीने शेजारचं बांधकाम होते.

नानांना घाई होती, पण ते सांगत नव्हते. तेही अकोसुआनेच सांगितलं. नानांच्या पत्नी अफुआ वारल्याला लवकरच वर्ष होणार होतं. वर्षाच्या दिवशी सगळे लोक जमतात आणि ढोलावरून शेवटचा निरोप देतात. अफुआचा निरोप दुसऱ्या कुणी वाजवावा हे नानांना सोसत नव्हतं, आणि चुकीचा वाजवावा हे तर मुळीच नाही. तरुण मुलं दुसरे ढोल वाजवतात, हे दोन ढोल फक्त नानांना येतात. नाही जमलं तर अफुआला निरोपच नाही.

मी म्हटलं, यंत्र ढोलासमोर बसूनच जुळवावं लागेल. नाना उठले, काठ्या घेतल्या आणि वाजवलं. मी विचारलं, कसं वाटतं? म्हणाले, छान. मी सेटिंग पार बिघडवून पुन्हा विचारलं. तरी छान! स्वतः वाजवताना हाताला सगळं माहीत असतं, हात कानाला सांगतो. म्हणूनच तर दुकानात आम्ही शब्द बोलताना तोंडासमोर पुठ्ठा धरतो, नाहीतर माणूस ओठ वाचतो आणि ऐकू आलं म्हणतो. इथे दुसऱ्या कुणीतरी नानांच्या पाठीमागे उभं राहून वाजवायला हवं होतं. मंडळातल्या मुलांनी त्यांना येणारी दोन-चार ओळखीचीच वाक्यं वाजवली असती आणि नानांनी ती अंदाजाने सांगितली असती. ज्याला त्या ढोलाची भाषाच येत नाही असं कुणी हवं होतं. हे बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की सगळे माझ्याकडेच बघतायत.

"आमच्या गावात या ढोलांना बाया हात लावत नाहीत," नाना सावकाश म्हणाले. "पण हे आमचं गाव नाही आणि मी अडलोय. पूर्वजांना विचारता येईल. त्यांना सांगावं लागेल, हात लावणारी कुणाची कोण. तुझ्या घरी कुणी वाजवायचं का?"

या प्रश्नाचं उत्तर मी आयुष्यात कुणाला दिलेलं नव्हतं. माझे आजोबा कोंडिबा हलगी वाजवायचे. हिंगोलीजवळच्या आमच्या गावात लग्न असो, जत्रा असो, दवंडी असो, मेलेलं माणूस असो, हाक यायची, "ए कोंड्या, चल." कोंडिबा कुणीच म्हणत नसे. हातातलं काम टाकून जायचं, मांडवाबाहेर उभं राहून वाजवायचं, उरलंसुरलं पदरात घेऊन यायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. आमच्या लोकांनी धम्म स्वीकारला त्या साली आजोबांनी हलगीचं कातडं फाडलं आणि कडं नदीत टाकलं. पुढच्या लग्नाला हाक आली, ते गेले नाहीत. गावाने आमचं पाणी बंद केलं, काम बंद केलं. तरी ते गेले नाहीत. मी जन्मले ती त्यानंतर. आमच्या घरात जेवताना कुणी ताटावर बोटं वाजवली तरी बाबा म्हणायचे, "हात आवर." आजोबा किती सुरेख वाजवायचे हे मी म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलंय. मी स्वतः त्यांचा एक ठोकाही ऐकला नाही. त्यांचा मला अभिमान आहे आणि हे न ऐकल्याचं दुःखही आहे. दोन्ही एका जागी नांदतात.

हे सगळं मी तिथे उभ्या उभ्या जर्मनमध्ये सांगितलं. अकोसुआ नानांना त्यांच्या भाषेत समजावत होती.

"तुझ्या आजोबांना कुणी कधी विचारलं नाही," ऐकून झाल्यावर नाना म्हणाले. "मी तुला विचारतोय. वाजवशील का? नाही म्हणालीस तरी जेवून जायचं."

मी जेवले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मी दादाला फोन केला. माझा थोरला भाऊ, नांदेडला असतो, निवृत्त शिक्षक. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मग तो भडकला. "आजोबांनी जे सोडण्यापायी घरादाराला उपाशी ठेवलं, ते तू उचलायलीस? शिकून सवरून परदेशात गेलीस ती काय ढोल बडवायला?" मी म्हटलं, दादा, इथे ढोल वाजवणाऱ्याला लोक उठून जागा देतात. "तिथं देत असतील. आपल्याला कोण देत होतं?" असं म्हणून त्याने फोन ठेवला. तो चूक बोलत होता असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

आमचे हे वर्तमानपत्र वाचत होते. मला वाटलं, नेहमीप्रमाणे ऐकलं नसेल. पान न उलटता ते म्हणाले, "आजोबांनी हलगी टाकली नाही. जुलूम टाकला. बघ बुवा, तुझं तू ठरव." एवढं ऐकू येतं, हे मला नवीन होतं.

पुढच्या शनिवारी मी हॉलवर गेले, उजवीकडून सगळ्यांशी हात मिळवले, बसले, आणि कशाला आलीस असं विचारल्यावर म्हटलं, "वाजवायला."

आता पूर्वजांची परवानगी. ती दारूचे थेंब जमिनीवर ओतून मागतात. मी पंचशील पाळणारी बाई, मद्य घेत नाही. मी चाचरत तसं सांगितलं. नाना म्हणाले, "तुला कोण देतंय? ही त्यांच्यासाठी आहे." बाटली सुपरमार्केटमधल्या स्वस्त जर्मन श्नाप्सची होती. जमिनीवर ओतायचीही पंचाईत होती, कारण हॉलच्या हाउसमाइस्टरने, म्हणजे देखभाल करणाऱ्याने, मागच्या वेळी फरशीच्या डागावरून तक्रार केली होती. मग अकोसुआने बागेतली माती घातलेली बादली आणली. नाना त्या निळ्या प्लॅस्टिकच्या बादलीपुढे असे उभे राहिले की बादलीचं हसू येईना. ते एकेक नाव घेत थेंब ओतत गेले आणि सगळे पुटपुटत साथ देत होते. मग ते माझ्याकडे वळले. "तुझ्या आजोबांचं नाव सांग. तुझे वडील घ्यायचे तसं सांग." मी सांगितलं. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. डोळे मिटून दोन्ही हातांनी गुडघ्यावर हळूच ठोकून पाहिलं, आणि मातीवर थेंब ओतला.

टोकाला वाकलेल्या त्या काठ्या मी हातात घेतल्या. पहिला ठोका तर ढोलाच्या कडेवरच बसला आणि मागे कुणीतरी खुदकन हसलं. दुसरा बसला तो मला पोटात जाणवला. मग काम सुरू झालं. एक ठोका, आणि लॅपटॉपवर एक बदल. नाना पाठ करून बसलेले, अकोसुआ घंटा वाजवतेय. "कुठला?" "खर्जातला." "आता?" "माहीत नाही." मी गोंगाट दाबणारी सोय बंद केली. मोठे आवाज चेपणारी कमी केली. शीळ रोखणारी सोय सुरांना थरथरवते, ती काढली. यंत्राची एकेक हुशारी मी उतरवत गेले. एवढी वर्षं जे गिऱ्हाइकाला विकलं, ते एकामागून एक खोडून टाकताना मला विलक्षण हलकं वाटत होतं.

अखेर मी खर्जाच्या ढोलावर ठोका दिला, मग चढ्यावर, मग पुन्हा खर्जावर. नानांनी मान वर केली.

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले. "दोघं आलेत."

ते वळले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले होते. यंत्राला एक बारीक बटण असतं. एकदा दाबलं की जर्मन, दुसऱ्यांदा दाबलं की ढोल, असं मी त्यांना करून दिलं. माझ्या हातातल्या काठ्या घेताना ते म्हणाले, "हात वाईट नाही. जरा उशीर झाला."

अफुआच्या वर्षाच्या दिवशी हॉल खच्चून भरला होता. सगळे काळ्या-पांढऱ्या कपड्यांत. मी पांढरी साडी नेसले होते. आमचे हे माझ्या शेजारी. नानांनी कानाशी हात नेऊन बटण दाबलं, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि सुरुवात केली.

मला त्यातलं काही कळत नव्हतं. अकोसुआ कानाशी लागून सांगत होती. आधी ज्या झाडाचा ढोल केला त्याला वंदन. मग नानांच्या आधी या काठ्या धरलेल्या सगळ्यांना, गुरूला, गुरूच्या गुरूला, एकेकाचं नाव घेऊन. घंटा चालू होती आणि नाना कुठेही अडखळत नव्हते. अचानक अकोसुआने माझा दंड घट्ट धरला.

"आंटी, ऐक. आता तुझे आजोबा."

खर्ज, चढा, चढा. गुडघ्यावर ठोकून पाहिलेलं तेच. नानांनी ते तीनदा वाजवलं. "ते म्हणतायत, नाना कोंडिबा, ढोल वाजवणारे नाना कोंडिबा, दमिरिफा दुए," अकोसुआ म्हणाली. गेलेल्या मोठ्या माणसाला जड अंतःकरणाने म्हणायचे ते शब्द. समोरच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी उजव्या हाताची दोन बोटं वर केली. ती त्यांच्याकडची मान देण्याची रीत आहे. एकामागून एक हात वर गेले. आमच्या ह्यांनीही बोटं वर केली. त्यानंतर अफुआचा निरोप सुरू झाला आणि तो पुष्कळ वेळ चालला. एकही ठोका चुकला नाही. शेवटी नानांनी काठ्या ढोलावर आडव्या ठेवल्या आणि खर्जाच्या ढोलावर तळहात टेकून ते नुसते उभे राहिले.

त्या लोकांचे उपकार मी कसे फेडायचे? मी त्यांना ऐकायला मदत करायला गेले होते.

ह्यांनी फोनवर सगळं चित्रित करून घेतलं होतं. मी ते दादाला पाठवलं, सोबत काही लिहिलं नाही. दोन दिवस उत्तर आलं नाही. मग सकाळीच त्याचा फोन आला. जेवलीस का, थंडी किती, असं इकडचं तिकडचं विचारून झालं. मग म्हणाला, "ते ऐकलं. आजोबांचं नाव त्यात कुठं येतंय?"

मी त्याला फोनवरच तो तुकडा लावून दिला. खर्ज, चढा, चढा.

"काय म्हणायलेत ते?"

"नाना कोंडिबा म्हणतायत, दादा. तिथे नाना म्हणजे वडीलधारं माणूस. मानाचं. आणि बघ, सगळ्यांनी हात वर केलेत."

पलीकडे चालू असलेला टीव्ही दादाने बंद केला.

"परत लाव," तो म्हणाला.